करवली शेवटच्या पंगतीला

घाटंजी, ता. ४ फेब्रुवारी २००१

ती. दादास, शोभाचा सा. न. वि. वि.

भैरवीच्या लग्नाला मला येता येत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि हे कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावरच्या रांगेत अडकलेत. अर्पिताला मात्र मामेबहिणीची करवली व्हायचंच आहे. वय दहा, हट्ट पन्नाशीचा. तुझ्या गड्याबरोबर, रामधनबरोबर पाठवते.

मला भीती वाटते रे. इन्सुलिन तूच टोच. त्यानंतर अर्ध्या तासात तिच्या पोटात जेवण गेलंच पाहिजे, नाहीतर साखर उतरून कोसळेल. आजाराचं वहिनीलाही कळू देऊ नकोस. सगळे सोयरे जमणार; उद्या पोरीचं लग्न जुळवताना कुणी बोट ठेवायला नको. पोरीलाही बजावलं आहे.

तुझा लोभ चार दिवस सगळा तिच्यावर असू दे.

तुझी शोभा


ढाणकी, ता. ८ फेब्रुवारी, पहाट

चि. शोभास अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: अर्पिता शुद्धीवर आहे. तुमचा फोन लागत नाही, म्हणून रामधनला पहिल्या गाडीनं धाडतो.

काल मी इंजेक्शन दिलं, तिला पानावर बसवलं आणि वरातीला सामोरा गेलो. वरपक्षाआधी करवली कशी जेवते, म्हणून शेजारच्या वच्छलाबाईंनी तिला हसतहसत उठवलं. त्यांना काय माहीत! पोरीला घाम फुटला, तर दृष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. कायले थरथरून राह्यली म्हणून विचारलं, तरी ही गप्प. मी आलो तेव्हा मांडवात आडवी पडली होती. पोरीले शुगर हाय, डॉक्टरले बोलवा, म्हणून मीच सगळ्यांसमोर ओरडलो.

शुद्धीवर आल्यावर गुपित फुटल्याचं तिला कळलं. कुणाला कळलं तर मी मरेन, अशी शपथ तू तिला घातली होतीस म्हणे. आता तिला वाटतं, तू गेलीस आणि आम्ही लपवतोय. घास तोंडात घेत नाही. सलाईनवर ठेवलंय, पण असं चालणार नाही असं डॉक्टर म्हणतात. तुझ्या हातचं अक्षर पाठव, लगेच.

आज आशीर्वादावाचून माझ्यापाशी काही नाही.

श्रीकृष्ण


घाटंजी, ता. ८ फेब्रुवारी, दुपार

चि. अर्पूस आईचे खूप खूप पापे.

बाळा, मी जिवंत आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण घाईत लिहितेय. पण हात माझाच आहे. हे पत्र रामधनबरोबर पुढं धाडते; आजीला शेजारच्या शकुबाईंवर सोपवून मी मागच्या गाडीनं निघतेच आहे.

तू काही मोडलं नाहीस. अशी शपथ घालणारी आईच चुकली. मीच घातली, मीच सोडते: सुटली, सुटली, सुटली. आता कुणी विचारलं तर सांग, आणि नाही विचारलं तरी सांग. भूक लागली की नवरदेवाच्याही आधी जेव.

मामाच्या हातून घास घे, राणी. तुझं पोट भरेपर्यंत मला मरायला सवड नाही.

तुझी आई