पहिल्या विजयाचं रिंगण

२८ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा मेलबर्नला! मॅलीच्या गव्हाच्या पट्ट्यातून गाडीने यायचं म्हणजे अख्खी सकाळ जाते, आणि बाबांच्या तोंडाचा पट्टा त्यात क्षणभर थांबला नाही. ऐन कापणीत मशीन शेतात उभं करून आलेत, पण त्याची जराही रुखरुख नाही. पोरगं ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, आमच्या फूटीच्या, मोठ्या क्लबात निवडलं गेलंय ना! पेट्रोल पंपावरच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगून झालं, की हा माझा टली, याचं नाव लक्षात ठेवा. मी लाजेने सीटखाली घुसायचाच बाकी होतो. शेवटी क्लबचं विजयगीत म्हणत बसले, नेहमीसारखं बेसूर.

नव्या पोरांना क्लब पहिलं वर्ष कुणाच्या तरी घरी ठेवतो, म्हणजे वेळेवर जेवतात तरी. मला आणि एमन पाइकला व्हर्नाबाईंकडे टाकलंय. एमन टास्मानियाचा, माझ्याच वयाचा, ताडमाड उंच आणि बडबड्या. आजीने वाढवलाय त्याला. आल्यापासून तिला तीनदा फोन झाला, एकदा तर फक्त उशी मऊ आहे हे सांगायला. मी म्हटलं, लेका, पाळणाही मागवून घे. त्याने तीच उशी मला फेकून मारली. गड्याशी जमणार.

व्हर्नाबाई साठीच्या आसपास असतील, एकट्याच राहतात. रात्री भाजलेलं मटण, बटाटे आणि वर पुडिंग. म्हणाल्या, खा रे पोरांनो, उद्यापासून क्लबवाले चिमट्याने तुमची चरबी मोजतील, मग बसा पालापाचोळा खात.

९ डिसेंबर

काय माणसं आहेत ही! मान्य, नव्या पोराला थोडं रगडतातच. आमच्या गावच्या संघातही माझ्या बुटांत मेंढीच्या लेंड्या भरल्या होत्या. पण ते हसत तरी होते. इथे कुणी हसतच नाही. चेंडूच्या गोण्या आम्ही उचलायच्या, पाण्याच्या बाटल्या आम्ही भरायच्या, आणि जेवताना वेगळ्या टेबलावर बसायचं. कॅप्टन गार्थ ब्रेनॉक तर नावही विचारत नाही. आम्हा नव्या पोरांना हे सगळे "मधले" म्हणतात. ए मधल्या, पाणी आण. ए मधल्या, सरक.

एमनने न राहवून विचारलं, मधले म्हणजे काय. गार्थ म्हणाला, रिंगणात उभा राहशील तेव्हा कळेल.

म्हणजे विजयाचं रिंगण. त्याचं स्वप्न तर मी चालता येत नव्हतं तेव्हापासून बघतोय. संघ जिंकला की सगळे खांद्याला खांदा जोडून गोलाकार उभे राहतात, क्लबचं गाणं म्हणतात, आणि ज्याचा पहिला सामना असेल त्याला मध्ये उभं करून डोक्यावर बाटल्या ओततात. जिंकलं तरच. हरलं किंवा बरोबरी झाली तर गाणं नाही, रिंगण नाही. सगळ्याच क्लबांत असतं हे. यात एवढा आव आणण्यासारखं काय आहे?

सोमवारी सराव बघायला कुंपणापाशी लोक येतात. आज बघतो तर त्यात आमच्या व्हर्नाबाई, हातात केकचा डबा! गार्थ जवळून पळत गेला की डबा उंच धरायच्या. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. घरी आल्यावर एमनने चिडवलं, काय हो व्हर्नाबाई, कॅप्टनवर जीव जडलाय वाटतं. बाई हसल्या नाहीत. तो केक त्यांनी आम्हाला वाढला आणि भांडी घासायला निघून गेल्या.

५ जानेवारी

नाताळला घरी जाऊन आलो. आईने खाऊ घालून घालून चिमटा लावणाऱ्याची सोय करून ठेवलीय. बाबांनी गावच्या मैदानावर मला किक मारायला लावल्या आणि बिअर पीत अख्ख्या गावाला दाखवल्या.

परत आलो तर मोठे खेळाडू सगळे क्लबातच होते. मी एकाला विचारलं, नाताळला कुठे गेला होतास. म्हणाला, इथेच. घरी नाही गेलास? माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी चिनी भाषेत विचारलं. मग सावकाश म्हणाला, आम्ही घरीच आहोत.

एमनचं म्हणणं, उन्हात पळून पळून यांचे मेंदू वितळलेत. असेल बाबा.

१३ मार्च

शनिवारच्या पहिल्या सामन्याला एमनची निवड झाली. माझी नाही.

खोटं कशाला बोलू, जळलो. हात मिळवला, पाठ थोपटली, आणि न्हाणीघरात जाऊन भिंतीला लाथ घातली. पायाचं बोट सुजलंय. चांगलं झालं, माझीच लायकी तेवढी.

त्याची आजी विमानात पहिल्यांदाच बसणार आहे, त्याचा सामना बघायला. संध्याकाळी पोरगं आनंदाने रडलं. मग मीही रडलो आणि म्हटलं, कांदा चिरतोय. हातात कांदा नव्हता.

व्हर्नाबाई जेवल्याच नाहीत. एमनचा हात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, बाळा, जिंकायलाच हवं असं काही नसतं. तो हसला. कोणत्या खेळाडूला हे कुणी सांगतं?

१५ मार्च

जिंकलो. एमन झकास खेळला, दोन गोल केले.

मी ड्रेसिंग रूमच्या दारात उभा होतो. त्यांनी रिंगण केलं, एमनला मध्ये ढकललं, बाटल्या ओतल्या, गाणं सुरू झालं. एमन वर तोंड करून हसत होता. गाणं संपलं, आणि त्यांनी पुन्हा सुरू केलं, हळू आवाजात. रिंगण आवळत गेलं. मला नुसत्या पाठी दिसत होत्या. पहिल्यांदा गाताना एमनचा आवाज वेगळा ऐकू येत होता, तो सूर सोडून गातो. मग तो सुरात यायला लागला. मग वेगळा आवाजच उरला नाही.

रिंगण सुटलं तेव्हा तो त्यांच्यातच उभा होता, मध्ये नव्हता. मी मिठी मारायला धावलो. त्याने मला बाजूला सारलं आणि म्हणाला, ए मधल्या, टॉवेल आण.

मला वाटलं, चेष्टा करतोय.

१७ मार्च

चेष्टा नाही.

काल आजी आल्या होत्या घरी, इवल्याशा, नवा कोट घालून. एमन दारात उभा राहिला आणि त्यांना नम्रपणे विचारलं, आपण कोण? त्या हसल्या, त्याच्या गालाला हात लावायला गेल्या. तो मागे सरला. अंगावर पाल पडल्यासारखा सरला. मी ओरडलो, अरे हरामखोरा, आजी आहे तुझी! तो शांतपणे म्हणाला, चाहत्यांनी घरापर्यंत येऊ नये.

म्हातारीला मी विमानतळावर सोडून आलो. वाटभर तिने एकच विचारलं, माझं काही चुकलं का रे?

संध्याकाळी एमन सामान घेऊन क्लबात राहायला गेला. तिथे खोल्या आहेत म्हणे. फोन उशीवर टाकून गेला. फोन वाजतोय, वाजतोय. मला उचलवत नाही.

२२ मार्च

हरलो. गाणं नाही, रिंगण नाही. आजही एक नवा पोरगा खेळला, पण तो जसा गेला तसाच बाहेर आला. आईला बिलगून रडत होता. मला त्याचा हेवा वाटला.

घरी येऊन व्हर्नाबाईंना सरळ विचारलं. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग खुर्चीत बसल्या.

गार्थ त्यांचा मुलगा आहे.

नवऱ्याशी फारकत झाल्यावर त्यांनी माहेरचं नाव घेतलं, म्हणून कुणाला कळत नाही. बारा वर्षांपूर्वी पहिल्या विजयानंतर तो रिंगणातून बाहेर आला, त्यांच्यासमोर थांबला आणि म्हणाला, बाई, सही हवी का तुम्हाला?

आजवर जी जी पोरं घरी राहिली, त्या सगळ्यांना त्यांनी सांगून पाहिलं. कुणी हसलं, कुणी चिडलं. एकाने क्लबात तक्रार केली. आमच्या वेळी धीरच झाला नाही, म्हणाल्या. मी संतापलो. म्हटलं, मग एमनला का नाही कोंडून ठेवलंत? त्या म्हणाल्या, मी गार्थला तरी कुठे कोंडू शकले?

२७ मार्च

शनिवारी मी खेळणार. पाटीवर माझं नाव.

आजारी पडू? पळून जाऊ? बाबांना फोन केला. बाबा, येऊ नका. ते खदखदून हसले, म्हणाले, घाबरलास होय रे वाघा? तीन गाड्या भरून गाव येतंय. तुझी मास्तरीणबाईसुद्धा. मी एमनचं सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पोरा, हवा डोक्यात जाते काहींच्या. तुझ्या नाही जायची. तू मला कसा विसरशील?

मी फोन ठेवला.

पळालो तर गावात तोंड कसं दाखवू? आणि – लिहूनच टाकतो – मला खेळायचं आहे. अजूनही. जन्मभर दुसरं काही मागितलं नाही मी.

खेळायचं. फक्त जिंकायचं नाही. बस.

२९ मार्च

शौचालयात कडी लावून बसलोय. लवकर लिहितो –

शेवटपर्यंत बरोबरीत. मी फार काही केलं नाही, फार काही बिघडवलंही नाही. आणि शेवटच्या क्षणी चेंडू आपणहून माझ्या छातीवर. झेलला. सवयीने झेलला, हातांना कोण सांगणार! भोंगा झाला. सामना संपला, फक्त झेलणाऱ्याला मिळते ती माझी किक बाकी.

मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण. कडेच्या खांबाच्या आतून गेला तरी एक, आणि एकाने जिंकतो. सरळ बाहेर मारायचा होता. अगदी सोपं होतं. पण समोर बाबा टोपी काढून उभे. त्यांच्या देखत इतका घाणेरडा कसा मारू? म्हटलं, चुकल्यासारखा दिसू दे. आखूड मारतो, आपटेल, घरंगळत कडेच्या खांबाबाहेर जाईल. बरोबरी. कुणी नाव ठेवणार नाही.

आपटला. बाहेरच चालला होता –

लंबगोल चेंडू! तो कधी सरळ उसळतो का? शेंबड्या पोरालाही माहीत असतं. टोकावर उभा राहिला, वळला, आणि आत. खांबाच्या आत. एक गुण.

अब्रू राखायला गेलो आणि –

बाहेर टाळ्या. एका लयीत. माझ्यावाचून सुरू करता येत नाही त्यांना. एमन दार वाजवतोय. ए मधल्या, ए मधल्या.

आता बाबांचा आवाज. त्यांना आत घेतलंय. म्हणतायत, टली, लाजतोस काय, ये की. सगळ्यांना सांगतायत, कडी गंजलीय वाटतं, थांबा, मी उघडतो. नका बाबा. मी ओरडतोय, नका. ते हसतायत. खांदा लावतायत दाराला –

माझं नाव टली हारग्रीव्ह. आईचं नाव जोन. बाबांचं कॉलिन. कॉलिन. कॉलिन, गहू पिकवतात, बेसूर गातात, त्यांच्या

३० मार्च

आम्ही जिंकलो.

सकाळी समुद्रात उतरलो. सामन्यानंतर थंड पाणी पायांना बरं असतं. आम्ही सगळे कमरेइतक्या पाण्यात उभे होतो.

बॅगेत ही वही सापडली. अक्षर वाईट आहे. मागची पानं वाचली नाहीत. रिकामी पानं बरीच आहेत, सरावाच्या नोंदींना होतील.

पाण्यात एक चाहता आला होता. चांगले बूट घालून, पँटसकट. गार्थने त्याला बाहेर व्हायला सांगितलं. तो जाईना. माझ्याकडे बघून काहीतरी गायला लागला, सूर नव्हता. मी विचारलं, सही हवी का. तो रडायला लागला. म्हणाला, अरे बघ नीट, मी तुझा