टाकीमागचे तारे

तीर्थरूप बाबांना शेंडेफळाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते. (हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा.)

बातमी अशी, की आता मी नाटकाचे पडदे नुसते शिवत नाही, रंगवतेही! रंगारीबुवांचा हात दुखावला आणि रात्रीच्या आकाशाचा पडदा माझ्या गळ्यात पडला. मी डोळे मिटले, मनानं आपल्या गच्चीवर तुमच्या शेजारी आडवी झाले आणि सप्तर्षींपासून एकेक तारा काढत गेले.

बुवा बघून खूश! मग म्हणाले, "पण पोरी, उजवीकडे एवढा चौकोन कोरा का?"

बाबा, तिथे आपली पाण्याची टाकी आहे! जन्मभर ती आड आली, म्हणून माझ्या हातानं तिथे एकही तारा काढला नाही.

बुवा पोट धरून हसले. म्हणाले, "यापुढे सगळी आकाशं तुझी."

तुमचा गुडघा कसा आहे? खरं सांगा. जिना चढवत असेल, तरच दादाचा हात धरून वर जा आणि टाकीमागे कोणते तारे आहेत ते कळवा. नसेल चढवत, तर टाकीच राहू दे. तिच्याशिवाय ते आपलं आकाश वाटायचंही नाही.

तुमची
चिमणी