जुनी मिडीची डबी

माण, रविवार, १५ नोव्हेंबर २००९

नवा कॉम्प्युटर घेतल्यापासून तीन आठवडे माझा वाजवायचा कीबोर्ड मुकाच होता. त्याचा आवाज कॉम्प्युटरमधूनच निघतो, आणि त्याला कॉम्प्युटरशी जोडणारी जुनी मिडीची डबी नव्या मशीनला ओळखताच येईना. आज नेटवर शोधून शोधून तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिची ओळख पटवणारा प्रोग्रॅम, मिळाला. डबीवरचा हिरवा दिवा लागला आणि मी चक्क ओरडलो. मग भूप वाजवला, तासभर तरी.

पण सांगू कुणाला? लातूरला सुधीरला फोन लावला. आम्ही एकत्र वाजवायचो. 'अजून वाजवतोस?' म्हणाला, आणि घाईत ठेवला. दिवा लागला, हे सांगायचंच राहिलं.

संध्याकाळी खाली पाणी भरताना मालकीणकाकू म्हणाल्या, "वाजतंय व्हय परत? मला वाटलं, तुमी खोली सोडून गेला."

मी हसून बादली उचलली. रोज त्यांच्याच दारावरून तर जात होतो.