दयाळाच्या पोटाचा पांढरा

प्रिय मेहुणेबुवांस,

तुमच्या थोरल्या बहिणीच्या एकुलत्या एका नवऱ्याचा सप्रेम नमस्कार. तुमच्या कमरेतली लचक उतरली असेल, अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून. येत्या रविवारी अण्णांचे आमच्याकडचे सहा महिने भरतात आणि ठरल्याप्रमाणे तुम्ही त्यांना न्यायला येणार. पण तुमच्या तीर्थरूपांनी इथे काय उच्छाद मांडला, ते आधी ऐकून घ्या.

सगळी नोकरी जंगल खात्यात काढलेला माणूस, आणि आता डोळ्यांपुढे नुसतं धुकं. डॉक्टरांनीही हात टेकले. तरी रोज सकाळी मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं आणि कठड्यावर काही फडफडलं की मला हाक मारायची, “अहो दुकानदार!” (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावई म्हणून मी अजून त्यांच्या तोंडात बसलेलो नाही.) पहिल्या दिवशी मी म्हटलं, पक्षी आहे. कसला? काळा-पांढरा. त्यावर म्हणाले, “काळा कुठे, पांढरा कुठे? गिऱ्हाइकालाही असंच मोघम सांगता का?” हे मात्र जिव्हारी लागलं. रंगांच्या दुकानात शेड मिसळता मिसळता माझे केस पिकले, आणि मला मोघम? म्हटलं, ऐका. डोकं, छाती, पाठ चकचकीत काळ्या ऑइलपेंटची, पोट पांढरं, पंखावर एक पांढरा पट्टा, शेपूट ताठ उभी. अण्णा लगेच म्हणाले, दयाळ, नर. मादी असती तर काळ्याच्या जागी राखाडी दिसली असती.

तेव्हापासून माझी साडेसाती सुरू झाली. डोक्यावर शेंडी, अंग काळपट तपकिरी आणि शेपटीखाली लालभडक (लाल रंगाच्या उघड्या डब्यावर बसून उठल्यासारखा), तो बुलबुल. तपकिरी अंग, डोळ्याभोवती पिवळं आणि उडताना पंखात पांढरा डाग उघडतो, ती साळुंकी. एवढं सगळं डोक्यात घेऊन मी दुकान उघडतो. परवा दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यासाठी साधा पांढरा हवा होता. त्यांच्या भिंती आता साळुंकीच्या डोळ्याभोवतीच्या पिवळ्या झाल्या आहेत. पेशंटांना आपले दात भिंतीपेक्षा पांढरे दिसतात आणि ते उपचार न घेताच घरी जातात. डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत.

त्यानंतर कुंडीतल्या फुलावर एक चिमुकला, बाकदार चोचीचा पाहुणा आला. मी म्हटलं, काळा. तो उन्हात सरकला तसं म्हटलं, जांभळा. मग म्हटलं, निळा. अण्णा कडाडले, “पक्षी एक आहे की तीन?” म्हणून मी शेडकार्ड घेऊन कठड्यावरून वाकलो, रंग त्याच्या अंगाला लावून पाहायला. पक्षी उडाला, कार्ड खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या चहात पडलं आणि मी अर्धा बाहेर लोंबकळलो. तुमच्या ताईने पायजम्याला धरून आत ओढलं. (पायजमा गेला, मी राहिलो.)

अण्णा खुर्चीवरून उठले. मग त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “शिंजीर. सावलीत काळा, उन्हात जांभळा-निळा. तिन्ही बरोबर सांगितलंस. आज दिसला रे मला.” मेहुणेबुवा, खोटं कशाला सांगू? घरात मोठं माणूस असणं म्हणजे काय, ते मला माझे वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच कळलं.

असो. तर असा हा त्रास. रविवारी वेळेवर या, बॅग भरून ठेवली आहे.

तुमचा,
दुकानदार

ता. क. बॅग तुमच्या ताईने पुन्हा रिकामी केली. मी अडवलं नाही.

आणखी एक ता. क. रविवारी येऊ नका. तुमच्या घराला रंग लागतोय आणि त्या वासाने खोकला होईल, असं मी अण्णांना सांगून बसलोय. ते फोन करून कोणता रंग, असं विचारतील. तेव्हा नुसतं “पांढरा” म्हणून सुटका नाही. दयाळाच्या पोटाचा म्हणा. खोटं बोलायला जीभ रेटत नसेल तर डबे पाठवतो आहे, खरंच लावून घ्या. फक्त भिंती पुरत्या वाळल्याशिवाय त्यांना न्यायला येऊ नका. तुमच्याकडची हवा दमट, आणि या धंद्यातला माझा अनुभव असा, की अशा भिंती वाळायला वर्षंच्या वर्षं लागतात.