बाबांच्या बॅटऱ्या

पंचवटी, नाशिक
११ जून २०२५

ती. दादास,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर बॅटरी हा शब्द आला की नेमकी देवळ्याची रेंज जाते, म्हणून टपालखात्याला कामाला लावलं. शिवाय आईचे कान तिच्या फुप्फुसांपेक्षा शाबूत आहेत. फोनवरचं सगळं तिला पलीकडच्या खोलीत ऐकू जातं.

पंधरा दिवसांपूर्वी तिला ऑक्सिजनचं यंत्र लागलं. नवं आणावं लागलं नाही, बाबांचं होतं. पन्नास वर्षं घरात होमाचा धूर. पुण्य यजमानांनी नेलं, काजळी या दोघांनी वाटून घेतली. यंत्र सुरू झालं आणि ती दोन वर्षांपूर्वीची फुसफुस घरभर परत आली. मी त्या आवाजासरशी दोन कप चहा टाकला, बाबांचा बिनसाखरेचा. गाळून झाल्यावर लक्षात आलं.

आता मुद्दा. जिन्याखालच्या तू बसवलेल्या चार बॅटऱ्या वीज गेली की दहा मिनिटांत मान टाकतात. छतावरची पॅनेल दिवसभर ऊन खातात, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. गंगापूर रोडवरच्या एका दुकानात मी दोन तास बसून सगळं समजून घेतलं. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सोळा सेल एका रांगेत जोडायचे, आईचं यंत्र दहा तास चालतं. अट एवढीच की सोळाही एकाच लॉटचे, एकाच वयाचे, एकाच ताकदीचे हवेत. म्हणजे आपल्या घरात पहिल्यांदाच सगोत्र सोयरीक शास्त्रसंमत ठरणार.

पण आई म्हणते, हात लावायचा नाही. यज्ञाने, म्हणजे तू, शब्द दिलाय. आठवतं ना? बाबांनी जन्मभर गंगेवर लोकांना सांगितलं की कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली, बोला काय ते. आणि त्यांच्याच दहाव्याला कावळा तासभर विजेच्या तारेवर बसून राहिला. मीनावहिनीने तर तुमचा अमोल रोज संध्या करील असंही परस्पर कबूल केलं. कावळा अमोलला ओळखत असावा, हलला नाही. शेवटी तू, घरातला एकमेव नास्तिक, पुढे होऊन म्हणालास की बाबा, तुमच्या बॅटऱ्या मी कुणाला काढू देणार नाही. आणि तो खाली आला.

तेव्हा आता तूच मार्ग काढ. लोभ पूर्ण चार्ज ठेवावा.

तुझी,
मोहिनी


देवळा
१९ जून २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

शब्द म्हणजे शब्द. तुला थट्टा सुचते. तिथे उभा मी होतो. बॅटऱ्या काढायच्या नाहीत. आईसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेव, मी इथून सांगतो कुणाला तरी.

सेल घ्यायचेच नाहीत, पण दुकानदाराने तुला गंडवू नये म्हणून लिहितो. तो मोबाइलमध्ये असतात तसल्या हलक्या लिथियमचंही कौतुक करील. हलकेपणा गाडीला लागतो, आपलं घर कुठे निघालेलं नाही. आयर्न फॉस्फेटच बरं. तापलं तरी पेट घेण्याची भीती त्यात कमी, आणि रोज भरून रोज वापरलं तरी बरीच वर्षं टिकतं. पाणी घालावं लागत नाही. प्रत्येक सेलवर छापलेला कोड असतो, तो वाचून जन्मतारीख पाहायची. कोड खरवडलेला असेल तर सेल दुसऱ्याच्या घरून उतरवलेला आहे असं समजायचं आणि उठून यायचं.

आणखी एक. या सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सारखंच राहतं. किती उरलंय ते वरून कळत नाही. मग एकदम बसतं. त्यामुळे आत किती गेलं, बाहेर किती आलं हे मोजणारं यंत्र सोबत हवंच. नुसत्या चेहऱ्यावर विसंबून राहायचं नाही.

पण घ्यायचेच नाहीत. आईस नमस्कार. लोभ कमी पडला तर मागून घ्यावा.

यज्ञेश्वर


पंचवटी, नाशिक
२ जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नकार इतक्या तपशिलात देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा वीज गेली, पन्नास मिनिटं. बॅटऱ्यांनी आठ मिनिटं धीर धरला. तुझा सिलिंडर दाराशी होता, त्याचा नळ उघडायची चावी कुठे ठेवली ते कलाबाईला आठवेना. गेली दहा वर्षं ती घर सांभाळते, पण त्या क्षणी तीही माझ्यासारखीच एकेक खण उपसत होती. चावी सापडेपर्यंत आईचे ओठ जांभळे झाले होते. आई शुद्धीवर आल्यावर मी तिला पुन्हा विनवलं. तिचं उत्तर तेच, की ज्याने शब्द दिला त्यानेच गंगेवर येऊन तो परत घ्यावा. तोवर मेले तरी चालेल म्हणाली. नाटक करायची तिला सवय नाही, हे तुला माहीत आहे.

दहाव्यानंतर तू या घराची पायरी चढलेला नाहीस. कांद्याचा सीझन, पंपांची दुरुस्ती, वहिनीची पाठ. कारणं संपली असतील तर ये. आणि शब्दाचंच भय असेल तर ऐक. कावळा तुझ्या शब्दाला आला असं सगळे धरून चालले आहेत. त्याच वेळी तुझ्यामागे उभी राहून मीही काहीतरी पुटपुटले होते. मी म्हटलं होतं, बाबा, त्या संध्याकाळचं दादाला मी कधीच कळू देणार नाही.

तेव्हा आता मी माझा शब्द मोडते, म्हणजे तुला तुझा मोडता येईल.

बाबा झोपेत गेले असं मी सगळ्यांना सांगितलं. मी औषधाच्या दुकानात गेले होते. तिन्हीसांजेची वेळ, आई देवघरात. परत आले तर गल्लीत अंधार होता आणि घरात ती फुसफुस नव्हती. बॅटऱ्या संपल्या होत्या. बाबांचं तोंड दाराकडे होतं. डॉक्टर म्हणाले होते की फार तर आठवडा. तो आठवडा मी रोज स्वतःला सांगते. आताही पाठ करून झोपते. पण यंत्र रात्री जराही आवाज बदलतं तेव्हा मी उठून बसते, आणि मला वाटतं ते अजून दाराकडे बघताहेत.

तुला बोल लावायला हे लिहिलं नाही. बोल लावायचा असता तर फोन केला असता.

आई पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. ये.

मोहिनी


देवळा
८ जुलै २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

मला माहीत होतं.

त्या दिवशी रात्रीपर्यंत मी पोचलो. तुम्ही सगळे बाबांपाशी होता. मी धंद्याच्या सवयीने जिन्याखाली गेलो आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर बोट फिरवलं. त्यात नोंद राहते. सहा बावन्नला वीज गेली, सात वाजून तीन मिनिटांनी बॅटरी संपली. अकरा मिनिटं. बाबा किती वाजता गेले ते तू सव्वासात सांगत होतीस.

राहिलेलं तुला माहीत नाही ते सांगतो. पॅनेल बसवली तेव्हा बाबांनी पेपरात वाचून हे आयर्न फॉस्फेटच मागितलं होतं. मी हसलो, म्हटलं, भिक्षुकाने मंत्र सांगावेत. आणि इथल्या एका कांदा व्यापाऱ्याकडच्या वापरलेल्या बॅटऱ्या पुसून, वर नवे स्टिकर लावून त्यांना बसवून दिल्या. त्यांनी नव्या समजून हळदकुंकू वाहिलं. दर अमावास्येला स्वतः वाकून पाणी घालायचे. मला फोन करून सांगायचे की तुझी लेकरं पाणी फार पितात. जुनी बॅटरीच तेवढं पाणी पिते, मोहिनी. दर महिन्याला ते मला माझी चोरी सांगत होते, आणि मी हं हं म्हणत होतो.

दहाव्याला मी जे बोललो त्याला तुम्ही भक्ती समजलात. मला एवढंच हवं होतं की दुसऱ्या कुणी त्या उचलून पाठीमागची तारीख वाचू नये. कावळा आला. मला वाटलं, त्यांनी ते ऐकलं आणि मान्य केलं. दोन वर्षं हेच वाटतंय, की बाबा मला झाकताहेत.

रविवारी येतो. सेल आजच घेतले, सोळाही कोड स्वतः वाचून. आईला मीच सांगणार, तू मध्ये बोलू नकोस. मग गंगेवर जाऊ.

लोभ आहे का, ते आल्यावर पाहू.

यज्ञेश्वर


पंचवटी, नाशिक
१७ जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तू आईसमोर बसून सगळं सांगितलंस आणि ती फक्त म्हणाली की जेवून जा. तू ती माफी समजून दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास. मी वाढत होते, माझं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष होतं. मला काही कळलं नाही. वरून कळत नाही, हे तूच लिहिलं होतंस.

काल तिन्हीसांजेला वीज गेली. खरोखरची; गंगेवर शब्द परत घेऊन आल्यावर तू सेल जोडलेस आणि मेन स्विच पाडून दाखवलीस, तसली नाही. अकरा मिनिटं मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. मग वीस झाली, चाळीस झाली. जिन्याखाली जाऊन पाहिलं तर तुझे सोळा सगोत्री गुपचूप काम करत होते; ना वास, ना गुरगुर. पडद्यावर चौऱ्याण्णव टक्के.

आईने हाक मारली. वीज गेलीय ना, विचारलं. मी हो म्हटलं. मग हे कसं चालू, विचारलं. म्हटलं, दादाच्या बॅटरीवर. ती बराच वेळ कान लावून पडून राहिली. मग म्हणाली, बंद कर. मी म्हटलं, काहीतरीच काय. तर म्हणाली, एकच मिनिट. त्या संध्याकाळी मी देवघरात मोठ्याने स्तोत्र म्हणत बसले होते, त्यांना शेवटी काय ऐकू आलं ते मला ऐकायचंय.

दादा, मी बंद केलं. तिचा हात धरून बसले. खालून एक रिक्षा वळली. कलाबाई देवघरात निरांजनाची वात सारखी करत होती. ती स्वतःशी काय गुणगुणते तेसुद्धा भिंतीपलीकडून शब्दन् शब्द कळत होतं. यंत्र चालू असताना एवढं बारीक काही ऐकू येत नाही. आई डोळे मिटून ऐकत होती.

मिनिट झालं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे मी त्यांना ऐकू येत होते. आणि मला ते नाही. एवढं म्हणून तिने यंत्राकडे बोट केलं, आणि मी बटण दाबलं.

तुला लिहावंसं वाटलं, कारण हे तिला एकटीने ऐकायला लागू नये. लोभ आहे, तपासून पाहायची गरज नाही.

तुझी,
मोहिनी