आढ्याखालचं फुटकं कौल

प्रिय खारूताई,

फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की तुझे बाबा शेजारी येऊन उभे राहतात आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारते, म्हणून लिहितेय. घाबरू नकोस. बाबा धडधाकट आहेत, दोन्ही वेळा नीट जेवतात, माझ्याशी नेमानं भांडतात. तरी माझा जीव टांगणीला लागलाय, कारण ते पुन्हा छपरावर चढायला लागलेत.

घरमालकांनी कळवलंय की नवं छप्पर पाऊस संपल्यावरच. तोवर तुमचं तुम्ही कसंबसं निभवा. मधल्या खोलीत गळायला लागलं तेव्हा बाबा केवढे खूश झाले! चाळीस वर्षं लोकांची छपरं शाकारली, काम सोडल्यापासून हात शिवशिवत होतेच. माळ्यावरून ताडपत्री काढली, खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना शिडी धरायला उभं केलं आणि तासाभरात काम उरकून खाली आले. संध्याकाळपर्यंत गळतीखाली ठेवलेली बादली पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरी ताडपत्री. तिसऱ्या दिवशी तिच्यावर डांबर. मी बादलीकडे बघितलं, मग वर बघितलं. अगं, ताडपत्री बरोबर बादलीच्या डोक्यावर होती! पाणी टपकतं तिथून शिरत नसतं, वर कुठेतरी शिरतं आणि वाशावरून ओघळत येतं, हे तुला शाळेच्या वयात शिकवलं ते यांनीच ना? मी भीत भीत म्हटलं, जरा वर आढ्याजवळ बघा. तर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. मग चिडले. चिडण्याचं मला काही नाही, त्याची सवय आहे. त्याआधीच्या त्या बघण्यानं मात्र मी हादरले.

मग मी एक गाढवपणा केला. ते दुपारी आडवे झाल्यावर शिंपीकाकांना गुपचूप वर पाठवलं. आढ्याखालीच एक कौल फुटलं होतं. काकांनी त्याच्याखाली पत्र्याचा तुकडा सारला आणि खाली आले. गळती बंद. बाबांना वाटलं, आपलीच ताडपत्री लागू पडली. चेहरा इतका फुलला होता की माझ्या तोंडून खरं निघेना. म्हटलं, जाऊ दे, तेवढंच समाधान.

ते समाधान आता माझ्याच अंगाशी आलंय. बाबांनी आपला पराक्रम सगळ्या बिऱ्हाडांना ऐकवला आणि मागच्या बाजूचं छप्परही रविवारी करून देतो म्हणून शब्द देऊन बसले. मागची उतरण किती तीव्र आहे ते तुला ठाऊक आहे, आणि खाली नुसती फरशी. काल हात साफ करायला म्हणून पुढच्या बाजूला चढले. उतरताना शिडीच्या टोकाशी येऊन थांबले. मला वाटलं, दम लागला असेल. पण आधी कुठला पाय टाकायचा तेच त्यांना सुचत नव्हतं. पाठ फिरवा, डावा पाय खाली घ्या, आता उजवा, असं एकेक पायरी मी खालून सांगत राहिले. खाली आल्यावर मला विचारतात, शिडी बदललीस का? शिडी तीच आहे गं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टरांकडे न्यायचं मी बघते, काहीतरी निमित्त काढीन. पण रविवारचं चढणं माझ्यानं थांबायचं नाही. शिडी लपवली तर दुसरी मागून आणतील. तू आणि बाबा मिळून छपरांच्या कामाला जायचात तेव्हा तुमच्यात एक ठरलेलं असायचं, एकानं ‘आता खाली’ म्हटलं की दुसऱ्यानं हातातलं टाकून निघायचं, का म्हणून विचारायचं नाही. मी कधी त्यांच्यासोबत वर गेले नाही, त्यामुळे माझ्या तोंडी ते शोभायचं नाही. तू शनिवारीच ये. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आत तेवढे दोन शब्द म्हण. ते कारण विचारणार नाहीत, आणि तुलाही ते सांगावं लागणार नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई