सहाशे सदुसष्ट एक्सचा खुलासा

कुरखेडा, मंगळवार

आदरणीय दादाजी मामा,

मानाचा जयभीम. तुमचा गुडघा आणि मामींची शुगर दोन्ही आटोक्यात असतील असे धरून लिहितो. इकडे धानाची रोवणी आटोपली, रोशनी पाचवीत गेली, मी आहे तसाच आहे. खरे तर फोनवरच बोललो असतो, पण मे महिन्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. (तुमच्या पुनमच्या लग्नात मी तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला चारचौघांत भंगार म्हणालो, हे मला आठवते. तुम्हाला तर आठवतेच.) बल्लारपूरला टपाल दोन दिवसांत पोचते, आणि आलेले पत्र न वाचता फाडणारे तुम्ही नाही, म्हणून हा उद्योग.

माझ्या कॉम्प्युटर सेंटरचे एकेचाळीस पोट्टे-पोट्ट्या दरवर्षी परीक्षेला पहाटेच्या एसटीने गडचिरोलीला जातात. मागच्या वर्षी एसटी जंगलात बंद पडली आणि सगळ्यांचे वर्ष गेले. यंदा शेजारच्या गुणाबाईंची सून रिना परीक्षेला बसते आहे, तिचे बाळ चार महिन्यांचे आहे. म्हणून मार्चमध्ये मी वनांचल परीक्षा मंडळाकडे कुरखेड्याला केंद्र मागितले. मंडळाचा अर्ज तुमचे केस काळे होते तेव्हाचा आहे. त्यात रकाना नऊ असा: ‘माहिती वाचण्याचा वेग, सीडी ड्राइव्हच्या एक्समध्ये लिहावा.’ माझ्याकडे सगळे फायबरच्या लाइनवर चालते, सीडी कोण लावतो आता. तसे कळवले, तर उत्तर आले की रकाना रिकामा चालत नाही.

मग केले रूपांतर. हे गणित तुम्हीच फूटपट्टी हातात धरून माझ्याकडून पाठ करून घेतले होते: एक एक्स म्हणजे सेकंदाला दीडशे केबी. माझी लाइन शंभरची. शंभर एमबीचे एक लाख केबी, भागिले दीडशे, झाले सहाशे सदुसष्ट. (तुमचा ड्राइव्ह बावन्न एक्सचा होता आणि तेवढ्यावर तुम्ही गल्लीत पेढे वाटले होते.) मी आकड्याखाली दोन रेघा मारून अर्ज पाठवून दिला आणि गावभर सांगत फिरलो. गुणाबाईंनी दारात येऊन विचारले, “काऊन रे संघपाल, एवढा वेग आहे त आमच्या रिनाची परीक्षा इथीच होऊन जाईन ना?” मी मान हलवली. ती मान आता मला फार जड झाली आहे.

कारण मंडळ इकडे एरवी कधी तपासणीला येत नाही, पण सहाशे सदुसष्ट वाचून त्यांच्या साधना मॅडम खास गाडी करून आल्या. पर्समधून एक सीडी काढून म्हणाल्या, “अकरा वर्षं झाली, तपासणीची सीडी घेऊन फिरून राह्यली मी. टाकाले जागाच भेटत नाई कुठी.” मी त्यांना भिंतीवरची डब्याएवढी फायबरची पेटी दाखवली. त्यांनी लाइनचे बिल मागितले आणि तिथेच माझी फजिती झाली. इंटरनेटवाले बिट मोजतात, ड्राइव्हवाले बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. (पायलीने धान मोजणाऱ्याशी मी किलोत सौदा केला होता.) आठाने भागल्यावर उरले त्र्याऐंशी. मी म्हटले, ठीक आहे, त्र्याऐंशी लिहा. तर रकान्याखाली बारीक अक्षरात छापलेले: चोवीस ते बावन्न. मॅडम म्हणाल्या, “कमी असतं त सवलत देता आली असती. जास्तीची तरतूदच नाई.”

म्हणजे वेग जास्त म्हणून मी नापास. लाइनवाल्या प्रणितला विनवले की बाबा, बावन्न एक्स म्हणजे साधारण बासष्टवर आणून दे. तो म्हणाला, “पावसात आपोआपच येते, दादा.” पण मॅडमना ते चालेना. कॉम्प्युटरच्या आत रुंद पट्टीच्या केबलने जोडलेला ड्राइव्ह सोमवारी त्यांना डोळ्यांनी पाहायचा आहे. तर असे आहे. माझी काही तक्रार नाही, फक्त खुशाली कळावी म्हणून लिहिले. मामींना जयभीम.

तुमचा भाचा,
संघपाल

ता. क. : कपाटावर चादरीत गुंडाळलेला तुमचा कॉम्प्युटर चार दिवस द्याल का? रुंद पट्टीची केबल आता फक्त त्यातच आहे. भंगार हा शब्द मी परत घेतो.

ता. क. दुसरा : देण्याआधी चादर काढू नका. काढलीत तर ड्राइव्हच्या जागी भोक दिसेल. तो ड्राइव्ह मी लग्नाच्या आदल्या दिवशी काढून घेतला. पोट्ट्यांना दाखवायला माझ्या सेंटरच्या काचेच्या कपाटात तो ठेवला आहे, खाली चिठ्ठी आहे: ‘माझ्या मामांचा.’ (मॅडमनी तोच पाहून ‘हा जोडून दाखवा’ म्हटले.) लग्नात तुम्ही पाहुण्यांना कॉम्प्युटर दाखवायला चादर ओढू लागलात आणि मी घाबरून तोंडाला येईल ते बोललो. चोरी लपवायला तुमचा अपमान केला, मामा. मला त्याची फार लाज वाटते.

ता. क. तिसरा : ड्राइव्ह जोडायचा कसा हे मला येत नाही. अर्जात तंत्रज्ञ म्हणून तुमचे नाव मी मार्चमध्येच, आपले बिनसण्याआधी, लिहिले होते, आणि मंडळाला खाडाखोड चालत नाही. रविवारच्या गाडीला मी वडसा स्टेशनवर उभा राहीन. ड्राइव्ह सोबत आणतो. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, निदान त्याची खुशाली तरी पाहून घ्या.